सावित्रीमाई : आधी शिक्षिका घडली, मग शाळा

स्मरणिकेसाठी सावित्रीमाईंवर लिहावे, असे ठरले तेव्हा आता नवे काय सांगावे, हा प्रश्न आम्हांस पडला. दरवर्षी 3 जानेवारीला आपल्या प्रांगणात त्यांच्यावर भाषणे होतात. अंगावर पडलेले शेण आणि पिशवीतील दुसरे लुगडे हा प्रसंग पाचवीतल्या मुलालाही पाठ असतो. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस मात्र त्या प्रसंगाच्या आधीची वर्षे तितकीच मोलाची वाटतात. ही स्त्री वर्गात उभी राहण्यापूर्वी शिक्षिका कशी झाली, ते येथे पाहू.

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. 1840 मध्ये त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे होते. माहेरी अक्षरओळख झालेली नव्हती. शेतात काम करता करता जोतीरावांनी त्यांना धडे दिले. सगुणाबाई क्षीरसागर याही सोबत शिकल्या. पुढील अभ्यासाची जबाबदारी सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या स्नेह्यांनी घेतली. मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षणही घेतले. मुलींना शिकवणारी स्त्री हवी, आणि ती तयार मिळत नसेल तर घडवावी लागेल, हे फुले दांपत्याने ओळखले होते.

1848 मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. 1849 मध्ये या कामापायी दोघांना घर सोडावे लागले; उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. काम थांबले नाही. 3 जुलै 1851 रोजी चिपळूणकर वाड्यात, 17 सप्टेंबर 1851 रोजी रास्ता पेठेत आणि 15 मार्च 1852 रोजी वेताळ पेठेत मुलींच्या शाळा सुरू झाल्या. 1852 मध्येच अस्पृश्य मुलांसाठीही शाळा निघाली. त्याच वर्षी 16 नोव्हेंबरला विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे या शैक्षणिक कार्याचा गौरव झाला. 1855 मध्ये शेतकरी आणि मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा भरू लागली.

या शाळांचे फळ पाहायचे असेल तर मुक्ता साळवे हिच्याकडे पाहावे. मातंग समाजातील या चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्या समाजास अक्षराचीच बंदी होती, त्या समाजाची मुलगी काही वर्षांत धर्मव्यवस्थेला जाब विचारू लागली. अशी मुलगी घडवणाऱ्या शिक्षकाला तिच्या घरची परिस्थितीही ठाऊक असावी लागते.

हे काम एकटीने झाले नाही. 1856 मध्ये आजारपणामुळे माहेरी असताना जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीमाईंना स्वतःच्या दुखण्याइतकीच सहकारी फातिमा यांच्यावर पडलेल्या कामाच्या भाराची चिंता होती. पुढे 1877 च्या दुष्काळात धनकवडी येथे बालाश्रम काढून उपाशी मुलांना जेवू घातले गेले. भुकेल्या मुलाला आधी भाकर द्यावी लागते, हा धडा कोणत्याही वसतिगृहास वेगळा सांगावा लागत नाही.

1882 मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे असावे, शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना दरमहा किमान 12 रुपये पगार मिळावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. या मागण्यांमागे घरातच घडलेल्या एका शिक्षिकेचा अनुभव उभा होता, असे आम्ही मानतो.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीमाईंनीच धरले. 1893 मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. 1897 च्या प्लेगमध्ये दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रुग्णसेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी तेथे आणले. त्याच साथीची लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी त्यांनी देह ठेवला.

2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या साथीने याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले आणि 1946 मध्ये शूद्र कोण होते, या विषयावरील आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला. आपली शाळा याच परंपरेतील आहे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून आणि सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांतून येथे मुले येतात. अनेकांच्या घरात शिरणारे पहिले पुस्तक शाळेचेच असते.

आपले माजी विद्यार्थी अभियंते, अधिकारी, परिचारिका झाले, याचा आम्हांस अभिमान आहे. तथापि शिक्षक होऊन शहरातील महापालिकेच्या शाळेत उभे राहू इच्छिणारे थोडेच भेटतात. उपाशीपोटी वर्गात बसणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले, त्याच्याइतके त्या मुलाला कोण समजेल? पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील एका तरी हुशार मुलास अथवा मुलीस या कामाकडे वळवावे. तिच्या प्रशिक्षणाचा खर्च जड जात असेल, तर तो समाजाने उचलावा. पुतळ्यास हार घालण्याहून हे अभिवादन सावित्रीमाईंच्या कार्यास अधिक शोभेल.

क्रांतिज्योती सावित्रीमाईंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.