एडगर कॉड : ज्यांच्यामुळे आजच्या डेटाला धक्का न लावता कालचा बॅकअप उघडता येतो

समजा, ऑफिसमध्ये कुणाच्या तरी हातून ग्राहकांच्या टेबलातल्या हजारभर नोंदी उडाल्या. कालचा बॅकअप आहे. पण तो त्याच जागी रिस्टोअर केला, तर आज दिवसभरात आलेल्या नव्या नोंदी जाणार!

मग करतात काय? जुनं टेबल दुसऱ्या स्कीमात उतरवतात. स्कीमा म्हणजे डेटाबेसमधली वेगळी खोली. एकाच नावाची दोन टेबलं दोन खोल्यांत सुखाने राहतात. दोन्ही शेजारी ठेवायची आणि हरवल्या तेवढ्याच नोंदी परत आणायच्या.

हे आज इतकं सरळ वाटतं, त्यामागे एडगर कॉड यांची कल्पना आहे.

कॉड यांचा जन्म १९२३ चा, इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावरचा. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. १९४८ मध्ये अमेरिकेत जाऊन आयबीएममध्ये प्रोग्रामर झाले. सिनेटर मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट शोधायचा जो धडाका लावला, तो न पटल्याने काही वर्षं कॅनडात राहिले. परत आले आणि चाळिशी ओलांडल्यावर, १९६५ मध्ये, मिशिगन विद्यापीठाची पीएचडी मिळवली.

त्या काळी डेटाबेसमधल्या नोंदी साखळीसारख्या एकमेकींना बांधलेल्या असत. माहिती कुठे ठेवलीय हे प्रोग्रामला ठाऊक असावं लागे. रचना बदलली की प्रोग्राम बंद पडे.

१९७० मध्ये कॉड यांनी शोधनिबंधातून वेगळाच मार्ग मांडला. माहिती साध्या टेबलांत ठेवा. दोन टेबलांमधलं नातं जागेवरून नाही, तर ग्राहक क्रमांकासारख्या मूल्यावरून जोडा.

पण आयबीएमचा जुन्या पद्धतीचा आयएमएस जोरात चालत होता. त्यामुळे कंपनीने घाई केली नाही. तिच्याच संशोधकांनी ही कल्पना चालवून दाखवली, त्यातून एसक्यूएल भाषा आली. तरी १९७९ मध्ये बाजी मारली ती आज ओरॅकल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने. आयबीएमचं उत्पादन आलं १९८१ मध्ये. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००३ मध्ये फ्लोरिडात त्यांचं निधन झालं.

आता पुन्हा आपल्या बॅकअपकडे. बॅकअपमध्ये जुन्या स्कीमाचं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे तो आपोआप जुन्याच खोलीत शिरू पाहतो. ओरॅकलमध्ये इम्पोर्ट करताना 'रिमॅप स्कीमा' हा पर्याय देता येतो. पोस्टग्रेसमध्ये सुरक्षित वाट अशी: बॅकअप आधी वेगळ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवा, तिथे स्कीमाचं नाव बदला, त्याचा नवा बॅकअप घ्या आणि तो मूळ डेटाबेसमध्ये आणा. टेबल इतर टेबलांशी जोडलेलं असेल, तर ते दुवे आधी तपासा.

टेबलाची खोली बदलली, तरी आतल्या नोंदी तशाच राहतात. आणि गेलेला ग्राहक त्याच्या क्रमांकावरून पुन्हा सापडतो. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलं होतं, ते हेच.