गोडसे भटजी

विष्णुभट गोडसे यांचा जन्म इ.स. १८२७ मध्ये कोकणातील पेणजवळच्या वरसई या गावी झाला. घरी भिक्षुकीचा व्यवसाय होता आणि डोक्यावर कर्ज होते. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, अशी वार्ता कानी आली. तेथे दक्षिणा मिळवून कर्ज फेडावे, या हेतूने १८५७ साली ते आपले चुलते रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले. महूजवळ पोहोचताच शिपायांच्या उठावाची बातमी त्यांना समजली. तरीही ते परतले नाहीत.

उज्जैन, धार, ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते झाशीस आले. तेथे राणी लक्ष्मीबाईंचा आश्रय त्यांना लाभला. राणीचा दिनक्रम, तिची घोडदौड व दानधर्म त्यांना जवळून पाहता आला. मात्र मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीस वेढा घातला. मदतीस आलेल्या तात्या टोपे यांचा बेतवाकाठी पराभव झाला. एप्रिलच्या आरंभी शहर पडले आणि राणी रात्री किल्ल्याबाहेर निघून गेली. त्यानंतर शहरात कत्तल, जाळपोळ व लूट झाली. राजवाड्यातील मोलाच्या ग्रंथसंग्रहाचीही नासधूस झाली. भटजी लपून बसल्यामुळे वाचले. जमविलेले द्रव्य मात्र गेले.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना तहानलेली राणी भेटली. भटजी पाणी काढून देऊ लागले, परंतु विद्वान ब्राह्मणाकडून ही सेवा घेणे तिला योग्य वाटले नाही. तिने स्वतःच पाणी काढले. राणीचे अनेक पोवाडे झाले, पण हा साधा प्रसंग भटजींनीच जपून ठेवला.

काशीहून गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईस परतले व त्या जलाने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. ज्या धनासाठी ते निघाले होते, ते फारसे हाती उरले नव्हते.

सुमारे पंचवीस वर्षांनी, कल्याणच्या वैद्य या यजमान घराण्यातील चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकिकत लिहिली. सरकारच्या भीतीमुळे ती आपल्या मृत्यूनंतरच छापावी, अशी त्यांची अट होती. ऐकीव गोष्टींत त्यांच्या काही चुका झाल्या आहेत. डोळ्यांनी पाहिलेले वर्णन मात्र अस्सल आहे. १९०७ साली वैद्यांनी 'माझा प्रवास' प्रसिद्ध केला, परंतु संपादन करताना भाषा व मजकूर यांत बरेच बदल केले. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन झाले. दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये ते प्रकाशित केले, तेव्हा भटजींची स्वतःची भाषा वाचकांपुढे आली.