दिल्ली लुटणाऱ्या तैमूरसमोर बसून ‘राज्यं का बुडतात’ हे सांगणारा इब्न खल्दून

साल १४०१. दोनच वर्षांपूर्वी दिल्ली लुटणारा तैमूरलंग आता दमास्कसच्या वेशीवर आहे. शहर वाचवायला आलेला इजिप्तचा सुलतान, कैरोत बंड होणार या भीतीने माघारी गेलाय. अशात ६८ वर्षांचा एक विद्वान तटावरून दोराने खाली उतरतो आणि थेट तैमूरच्या तंबूत पोहोचतो.

त्याचं नाव इब्न खल्दून.

जन्म १३३२ चा, ट्युनिसमधला. घराणं मूळचं स्पेनमधल्या सेव्हिलचं. तो १७ वर्षांचा होईपर्यंत प्लेगने आई-वडील दोघांनाही नेलं. पुढची २५ वर्षं त्याने उत्तर आफ्रिका आणि स्पेनमधल्या दरबारांत काढली. सुलतान बदलले, तशा त्याने बाजूही बदलल्या. फेसमध्ये जवळपास दोन वर्षं तुरुंगातही काढली. १३६४ मध्ये ग्रॅनडाच्या सुलतानाने त्याला वकील म्हणून कॅस्टिलच्या ख्रिश्चन राजाकडे पाठवलं, तेही सेव्हिललाच. इथेच राहा, पूर्वजांची जमीन परत देतो, असं राजाने सुचवलं. त्याने नकार दिला.

१३७५ मध्ये सगळं सोडून तो आजच्या अल्जेरियातल्या एका गढीत जाऊन राहिला. तिथेच १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहून झाला.

त्यात होतं काय?

वाळवंटातल्या, डोंगरातल्या टोळ्यांकडे पैसा नसतो, पण एकमेकांसाठी जीव द्यायची तयारी असते. या एकजुटीला तो ‘असबिय्या’ म्हणतो. तिच्या जोरावर टोळी शहर जिंकते, गादीवर बसते. पुढच्या पिढ्या ऐषारामात वाढतात. राजाला आपलेच भाऊबंद नकोसे होतात आणि तो पगारी सैनिकांवर विसंबतो. खर्च वाढतो म्हणून कर वाढतात, कर वाढले की धंदा बसतो. साधारण तीन पिढ्यांत, म्हणजे १२० वर्षांत, घराणं आतून पोकळ होतं. मग सीमेपलीकडची नवी टोळी चाल करून येते.

थोडक्यात, दोन राज्यांमधला निकाल फौजेच्या आकड्यावर लागत नाही. कोण आतून किती एक आहे, यावर लागतो.

१३८२ मध्ये तो इजिप्तला गेला आणि कैरोत काझी झाला. त्याच्याकडे यायला निघालेलं कुटुंब जहाज फुटून बुडालं.

आणि मग दमास्कस. आयुष्यभर ज्या एकजुटीबद्दल लिहिलं, तिच्यावर उभा राहिलेला विजेता आता समोर बसला होता. दोघांच्या भेटी महिनाभर चालल्या. तैमूरने त्याच्याकडून उत्तर आफ्रिकेची सविस्तर माहिती लिहून घेतली. इब्न खल्दूनने मागे अडकलेल्या अधिकाऱ्यांसाठी अभय मिळवलं. शहराला मात्र ते मिळालं नाही. दमास्कस लुटलं गेलं, उमय्यद मशिदीला आग लागली. पुढे त्याने तैमूरच्या ताकदीची माहिती उत्तर आफ्रिकेतल्या सुलतानालाही पत्राने कळवली.

१४०६ मध्ये कैरोत त्याचं निधन झालं.

आंतरराष्ट्रीय संबंधांचं शास्त्र बराच काळ युरोपच्या इतिहासावर उभं होतं. १९९२ मध्ये कॅनडाचे अभ्यासक रॉबर्ट कॉक्स यांनी जगाची नवी घडी समजून घ्यायला इब्न खल्दूनचा आधार घेतला. मोठ्या सत्ता बाहेरून भक्कम दिसत असतानाच आतून कशा पोखरल्या जातात, हा त्याचा प्रश्न ६०० वर्षांनंतरही अभ्यासक सोडवतायत.