राफाएल पादिया

राफाएल पादिया (इ.स. १८६८ च्या सुमारास, हवाना, क्यूबा – ४ नोव्हेंबर, इ.स. १९१७, बोर्दो, फ्रान्स) हे फ्रान्समधील सर्कशीत काम करणारे आफ्रिकी वंशाचे विदूषक होते. ते 'शोकोला', म्हणजे 'चॉकलेट', या रंगमंचीय नावाने ओळखले जात. फ्रेंच रंगमंचावर कीर्ती मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकारांमध्ये त्यांची गणना होते.

== सुरुवातीचे जीवन ==
पादिया यांचा जन्म गुलामगिरीत झाला. जन्मतः त्यांना आडनाव नव्हते. बालपणीच त्यांना एका स्पॅनिश व्यापाऱ्याला विकण्यात आले व स्पेनमधील बास्क प्रदेशात नेण्यात आले. तेथे त्यांना घरगड्यासारखे राबवले जाई. किशोरवयात ते तेथून पळाले आणि खाणीत व बिल्बाओच्या बंदरात मजुरी करू लागले. बिल्बाओमध्ये टोनी ग्राइस या इंग्रज विदूषकाने त्यांना मदतनीस म्हणून ठेवले.

== कारकीर्द ==
इ.स. १८८६ मध्ये ते पॅरिसच्या नूव्हो सर्कमध्ये आले. इ.स. १८८८ मधील 'शोकोलाचे लग्न' या मूकनाट्यामुळे ते लोकप्रिय झाले. इ.स. १८९५ पासून इंग्रज विदूषक जॉर्ज फुटिट यांच्यासोबत त्यांची जोडी जमली. फुटिट हुकूम सोडणारा गोरा विदूषक, तर पादिया फजिती होणारा भोळा जोडीदार, अशी विभागणी असे. विदूषकांच्या जोडीत एकाने मार खाणे ही सर्कशीची जुनी रीत होती; पण येथे मारणारा गोरा आणि मार खाणारा काळा असल्याने या विनोदाला वसाहतकालीन वंशभेदाचा अर्थ प्राप्त झाला. ल्युमिएर बंधूंच्या कंपनीने या जोडीचे लघुचित्रपट बनवले. चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांनी इ.स. १८९६ मध्ये मद्यगृहात नाचणाऱ्या पादियांचे चित्र रेखाटले.

== जाहिरातींतील प्रतिमा ==
त्यांचे रंगमंचीय नाव त्वचेच्या रंगावरून पडले होते. त्यामुळे मिठाईच्या जाहिरातींत माणूस आणि विक्रीची वस्तू यांची सांगड घालणे सोपे झाले. फेलिक्स पोतँ या किराणा पेढीच्या चॉकलेटच्या जाहिरातीत ही जोडी झळकली. मार खाऊनही आनंदी राहणारा कृष्णवर्णीय, अशी त्यांची प्रतिमा तीत रंगवण्यात आली. साबणाच्या जाहिरातींतही त्यांचा वापर झाला. त्या काळच्या युरोपीय चॉकलेट व कोको जाहिरातींत कृष्णवर्णीय व्यक्ती सेवक, भाबडे मूल किंवा हसरा शिपाई याच साच्यात दिसत. 'बनानिया' या कोकोपेयाच्या इ.स. १९१५ च्या जाहिरातीतील हसरा सेनेगाली सैनिक हे त्याचे ठळक उदाहरण होय. कोकोच्या मळ्यांवरील गुलामांचे व वेठबिगारांचे श्रम मात्र या चित्रांत दिसत नसत.

== उत्तरायुष्य व मृत्यू ==
इ.स. १९१० च्या सुमारास ही जोडी फुटली. पादिया यांनी नाटकात अभिनेता म्हणून प्रयत्न केला, पण त्यांना यश आले नाही. पुढे त्यांनी सहचारिणी मारी एके यांचा मुलगा युजेन याच्यासह 'ताब्लेत आणि शोकोला' ही जोडी काढली. 'ताब्लेत' म्हणजे चॉकलेटची वडी. रुग्णालयांतील आजारी मुलांसाठीही ते प्रयोग करीत. सर्कशीच्या दौऱ्यावर असताना बोर्दो येथे त्यांचे निधन झाले. त्यांना तेथील दफनभूमीत निर्धनांसाठी राखीव भागात पुरण्यात आले.

== वारसा ==
मृत्यूनंतर पादिया दीर्घकाळ विस्मृतीत गेले. इतिहासकार जेरार नुआरिएल यांच्या संशोधनामुळे त्यांचे चरित्र पुन्हा प्रकाशात आले. इ.स. २०१६ मध्ये रोशदी झेम दिग्दर्शित 'शोकोला' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात ओमार सी यांनी पादियांची भूमिका केली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये नूव्हो सर्कच्या जागी त्यांचा स्मृतिफलक बसवण्यात आला.