हाताला काम देणाऱ्या कमलादेवी



कमलादेवी चट्टोपाध्याय यांचा जन्म ३ एप्रिल १९०३ रोजी मंगळूर येथे झाला. बालपणीच वैधव्य आले, तरी त्या खचल्या नाहीत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात मुंबईत मीठ विकून त्यांनी तुरुंगवास पत्करला.

१९४७ च्या फाळणीत लाखो कुटुंबे बेघर झाली. त्यांना तंबू व शिधा मिळाला. परंतु रोज दुसऱ्यापुढे हात पसरून माणूस आतून मोडतो, हे कमलादेवींनी ओळखले. १९४८ साली त्यांनी 'इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन' स्थापन केली. दिल्लीजवळील छत्तरपूर येथे निर्वासितांची सहकारी शेती सुरू झाली. फरीदाबाद येथे सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी सहकारी संस्था काढल्या व ठेकेदारांवर न विसंबता स्वतःची घरे स्वतः बांधली. ज्यांना घर हवे होते, तेच गवंडी झाले. १९५२ साली दिल्लीचे कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम युनियनने चालवायला घेतले आणि कारागिरांच्या मालाला गिऱ्हाईक मिळाले.

१९६६ साली कमलादेवींना मॅगसेसे पुरस्कार लाभला. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्या दारी आलेल्या विस्थापिताला आपण जुना कपडा देतो. त्याच्या हाताला काम देतो का? या आठवड्यात विचार करू या.