कुलपातल्या पोथ्या आणि प्रा. हिरालाल जैन

कारंजा म्हटलं की आपल्याला गुरुमंदिर आठवतं. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मस्थान, त्यामुळे दर्शनाला येणाऱ्यांची रीघ बाराही महिने असते. आमच्या वाशिम जिल्ह्याची ओळख सांगताना मीसुद्धा आधी तेच सांगतो. पण याच गावात तीन जुनी दिगंबर जैन मंदिरं आहेत, सेनगणाचं, काष्ठासंघाचं वगैरे. एके काळी तिथे भट्टारकांच्या गाद्या होत्या आणि गादीबरोबर पोथ्यांची भांडारंही होती. शेकडो वर्षं हातानं उतरवलेल्या संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश पोथ्या फडक्यात बांधून कपाटात ठेवलेल्या. या पोथ्या जगापुढे आणणाऱ्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे. आपल्या होस्टेलमध्ये त्यांचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसेल, पण प्राकृतच्या अभ्यासकांमध्ये ते फार मोठं नाव आहे.

प्रा. हिरालाल जैन मूळचे नरसिंहपूर जिल्ह्यातल्या गांगई गावचे. म्हणजे आजचा मध्य प्रदेश, तेव्हाचा मध्य प्रांत. अलाहाबाद विद्यापीठातून त्यांनी संस्कृतमध्ये एम.ए. केलं, एल.एल.बी.सुद्धा केलं. वकिली केली असती तर पैसा मिळाला असता. पण १९२५ मध्ये ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवायला आले. हे कॉलेज म्हणजे आजची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. तिथून कारंजा जवळच.

त्याच सुमारास नागपुरात रायबहादूर हिरालाल (हे दुसरे हिरालाल, कटनीचे, नावात गोंधळ होतो) मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची तयार करत होते. ती १९२६ मध्ये छापून आली. कारंज्याच्या भांडारांची माहिती या सूचीत आली त्यात आपल्या प्राध्यापकांचा मोठा हात होता. सूची म्हणजे काय, तर ग्रंथाचं नाव, कर्ता, भाषा आणि प्रत कुठे आहे ते. वाचायला अगदी रुक्ष. आपण लायब्ररीत कॅटलॉगकडे बघतसुद्धा नाही, सरळ काउंटरवर जाऊन विचारतो. पण त्या सूचीमुळे पुण्या-मुंबईच्याच काय, परदेशातल्या अभ्यासकांनाही कळलं की वऱ्हाडातल्या एका गावात अपभ्रंश भाषेतली आख्खी काव्यं पडून आहेत. अपभ्रंश म्हणजे आपल्या आजच्या भाषा घडण्याआधीचा टप्पा, आणि तोवर त्यातलं फारच थोडं छापलेलं होतं.

पुढचं काम छापण्याचं. कारंज्याहूनच ग्रंथमाला निघाली. पहिला ग्रंथ डॉ. प. ल. वैद्यांनी संपादित केलेला पुष्पदंताचा जसहरचरिउ, १९३१ चा. मग हिरालालजींनी सावयधम्मदोहा, पाहुडदोहा, णायकुमारचरिउ आणि १९३४ मध्ये करकंडचरिउ अशी ओळच लावली. या शेवटच्या काव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांचं वर्णन आहे. ती लेणी म्हणजे आपल्या धाराशिवची, हे त्यांनी दाखवून दिलं. कारंज्याच्या कपाटातली पोथी मराठवाड्यातल्या डोंगराचा पत्ता सांगते, ही गोष्ट मला फार आवडली.

पण त्यांचं खरं मोठं काम अजून पुढेच होतं, आणि त्याची सुरुवात कुलपापासून होते.

कर्नाटकात मूडबिद्रीला जैन मठात षट्खंडागम या दिगंबरांच्या सर्वांत जुन्या सिद्धांतग्रंथाची ताडपत्रं होती. त्यावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका नवव्या शतकातली, बहात्तर हजार श्लोकांएवढी. यात्रेकरूंनी दुरून दर्शन घ्यायचं, वाचायचं नाही. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या खटपटीनं नक्कल करायला परवानगी मिळाली. धवला आणि बाकीचे सिद्धांतग्रंथ मिळून ते काम १८९६ ते १९२२ असं सव्वीस वर्षं चाललं. अट एकच, की नक्कल मठाबाहेर जायची नाही. म्हणजे बॅकअप घेतला, पण त्याच डिस्कवर!

नक्कल करणाऱ्यांत मिरजेचे गजपती शास्त्री होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीनं गुपचूप आणखी एक कानडी प्रत तयार केली आणि ती घेऊन सोलापूरला गेले. हिराचंद शेठजींनी ती घ्यायला नकार दिला. या मार्गानं आलेली प्रत घेणं त्यांना पटलं नाही. शेवटी सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती विकत घेतली. तिथे तिची देवनागरी नक्कल करणाऱ्या सीताराम शास्त्रींनीही स्वतःसाठी एक प्रत ठेवली, आणि तिच्यावरून पुढे ठिकठिकाणी प्रती गेल्या. त्यातली एक कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात आली, एक अमरावतीला, एक बिहारमधल्या आरा इथे.

आता याला काय म्हणायचं? विश्वासघात तर झालाच होता. आपल्याकडे रात्री दोन वाजता कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून अख्ख्या विंगमध्ये जाणाऱ्या पुस्तकांचं आपण काय म्हणतो, तेवढ्याच सहजतेनं मी हे सोडून देऊ शकत नाही. शेठजींचा नकार मला योग्य वाटतो, आणि गजपती शास्त्रींनी ती प्रत केली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं हेही दिसतं. दोन्ही एकदम खरं आहे.

हिरालालजींनी या प्रती उघडपणे समोर ठेवल्या. विदिशाचे शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या देणगीतून अमरावतीत फंड उभा राहिला आणि १९३९ मध्ये धवलेचा पहिला भाग बाहेर पडला. मूळ प्राकृत-संस्कृत आणि खाली हिंदी अनुवाद. पंडित फूलचंद्र, बालचंद्र वगैरे शास्त्री सोबतीला, कारंज्याचे पं. देवकीनंदन आणि कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये सल्ल्याला. असला ग्रंथ छापू नये, गृहस्थांना तो वाचायचा अधिकारच नाही, असं म्हणणारे विद्वान होतेच. त्यांना न जुमानता काम चालू राहिलं.

पहिल्या भागाची प्रस्तावना आज स्कॅन होऊन इंटरनेटवर मोफत वाचायला मिळते. ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्याच्या हातात ती पाठ्यपुस्तक म्हणून द्यावी अशी आहे. प्रत कोणती, ती कुणी आणि कशावरून उतरवली, लेखकू कुठे चुकतो, कुठल्या प्रतीला कोणतं खुणेचं अक्षर दिलंय, सगळं मांडलेलं आहे. मूडबिद्री ते सहारनपूर ही सगळी हकिकतसुद्धा तिथेच, काहीही न लपवता.

या पद्धतीची खरी परीक्षा एका शब्दावर झाली. ९३ व्या सूत्रात हाती असलेल्या प्रतींमध्ये 'संजद' हा शब्द नव्हता. पण टीका वाचली की तो तिथे असल्याशिवाय अर्थ लागत नव्हता. संपादकांनी मूळ मजकुरात शब्द घुसवला नाही. इथे हा शब्द गळलेला दिसतो, एवढी टीप खाली दिली. त्यावरून समाजात मोठं वादळ उठलं, कारण सूत्र मनुष्य स्त्रियांबद्दलचं आणि संजद म्हणजे संयमी, मुनीच्या पायरीचा. स्त्रीला मोक्ष मिळतो की नाही, हा दिगंबर-श्वेतांबरांमधला जुना वाद त्या तीन अक्षरांत अडकलेला होता. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रात पाहिलं तेव्हा शब्द तिथे होता! त्याचा अर्थ कसा लावायचा यावरचे वाद संपले नाहीत, पण शब्द कुणी पदरचा घातला असं म्हणायची सोय राहिली नाही.

आणि ताडपत्र पाहायला मिळालं तेही छापण्यामुळेच. छापलेला भाग हाती पडल्यावर मूडबिद्रीच्या विश्वस्तांनी मुळाशी ताडून पाहायला संमती दिली, आणि पुढच्या भागांत तिथले पाठ येऊ लागले.

आपल्यासाठी खास गोष्ट चौथ्या भागात आहे. १९४२ च्या या भागात लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतल्या गणितावर लेख आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते त्याला धवलेत अर्धच्छेद म्हणतात. म्हणजे आपला बेस टू लॉग! तिसरा भाग करत गेलं की त्रिकच्छेद. वर्गित-संवर्गित म्हणजे संख्येला तिचाच घात देणं. दोनावर हे तीनदा करा: २ चे ४, ४ चे २५६, आणि मग २५६ चा २५६ वा घात. ही संख्या ६१७ अंकी होते. मी तिचा अर्धच्छेद कागदावर काढला, २०४८ आला. कॉम्प्युटरवाल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. हे सगळं नवव्या शतकातल्या टीकेत होतं, आणि कुलपात असेपर्यंत गणिताच्या इतिहासकारांना त्याचा पत्ताच नव्हता.

सोळावा भाग १९५८ मध्ये निघाला. एकोणीस वर्षांत सोळा भाग, आणि तेसुद्धा नोकरी सांभाळून. मधल्या काळात महायुद्ध झालं, कागदाची टंचाई झाली, प्राध्यापकांची बदली नागपूरला झाली. १९४४ मध्ये नागपूर विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. पुढे बिहारमध्ये वैशालीच्या प्राकृत संशोधन संस्थेचे ते संचालक झाले, नंतर जबलपूर विद्यापीठात विभागप्रमुख. १९७३ मध्ये ते गेले. त्यांच्या आणि उपाध्यांच्या नावानं धवलेची ताडपत्रावरून दुरुस्त केलेली नवी आवृत्ती सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेनं काढली. ज्या गावानं गजपती शास्त्रींची प्रत परत पाठवली होती, त्याच गावानं.