लेखणीचा जनक : लास्लो बिरो

आज शाळेंतील बहुतेक विद्यार्थ्यांच्या खिशाला बॉलपेन अडकविलेलें असतें. तें अल्प मोलाचें म्हणून हरवलें तरी कोणी हळहळत नाहीं. परंतु त्यापायीं एका चिकाटीच्या पुरुषाचीं ऐन उमेदीचीं वर्षें खर्ची पडलीं, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

लास्लो बिरो यांचा जन्म हंगेरी देशांतील बुडापेस्ट शहरीं २९ सप्टेंबर १८९९ रोजीं एका यहुदी कुटुंबांत झाला. त्यांनीं वैद्यकाचा अभ्यास आरंभिला, पण तो तडीस नेला नाहीं. चित्रकला, शिल्पकला व यंत्रविद्या ह्यांचा त्यांना मोठा नाद असे. पुढें ते वृत्तपत्रव्यवसायांत शिरले. तेथें फाउंटनपेनचा जाच त्यांना नित्य जाणवूं लागला. शाई ओली राही व हात लागतांच अक्षरांचे डाग होत. उलट छापखान्यांतील शाई पाहतां पाहतां वाळे. ती शाई पेनांत भरावी, तर ती दाट असल्यामुळें निबांतून उतरेना. तेव्हां निबाच्या जागीं एक बारीक गोळी बसवावी, म्हणजे ती कागदावर फिरतांना आंतील शाई आपल्या अंगास लावून बाहेर आणील, अशी युक्ति त्यांनीं योजिली.

गोळीची कल्पना सर्वस्वीं नवी नव्हती. अमेरिकेंत जॉन लाउड यांनीं १८८८ सालींच कातड्यावर खुणा करण्यासाठीं अशा लेखणीचें पेटंट घेतलें होतें. परंतु पत्रलेखनास ती निरुपयोगी ठरली. शाई पातळ केली तर गळे, दाट केली तर अडे. हीच गांठ बिरो यांना सोडवावयाची होती. रसायनशास्त्र जाणणारे त्यांचे बंधु ग्यॉर्ग्य यांच्या साहाय्यानें त्यांनीं योग्य शाई सिद्ध केली व १९३८ सालीं पेटंट मिळविलें.

त्याच वर्षीं हंगेरींत यहुद्यांविरुद्ध कायदा झाला आणि जन्मभूमि परकी झाली. बिरो प्रथम पॅरिसला गेले व महायुद्ध भडकल्यावर दक्षिण अमेरिकेंतील आर्जेन्टिनाच्या आश्रयास गेले. देश नवा, भाषा नवी. तरी हातचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. १० जून १९४३ रोजीं त्यांनीं तेथें सुधारलेल्या लेखणीचें पेटंट घेतलें. विमान उंच गेलें कीं हवेचा दाब कमी होऊन फाउंटनपेन गळे. नव्या लेखणींत हा दोष नसल्यामुळें ब्रिटिश विमानदलानें ती आपल्या वैमानिकांसाठीं पसंत केली.

द्रव्यलाभ मात्र बहुतांशीं इतरांस झाला. २९ ऑक्टोबर १९४५ रोजीं न्यूयॉर्कमध्यें साडेबारा डॉलरांचें बॉलपेन घेण्यास लोकांची झुंबड उडाली. पण तें रेनॉल्ड्स नांवाच्या दुसऱ्याच व्यापाऱ्यानें काढलें होतें. १९५० सालीं फ्रान्समध्यें मार्सेल बिक यांनीं स्वस्त बॉलपेन बाजारांत आणलें व तें सामान्य माणसाच्या हातीं आलें.

बिरो यांनीं २४ ऑक्टोबर १९८५ रोजीं ब्वेनोस आयरेस येथें देह ठेविला. निर्वासितास थारा देणारा आर्जेन्टिना देश आज त्यांचा जन्मदिवस संशोधकांचा दिवस म्हणून पाळतो, आणि इंग्लंडांत तर बॉलपेनलाच बिरो म्हणतात.

विद्यार्थिमित्रहो, युक्ति सुचणें हें कार्याचें प्रथम पाऊल होय. घरदार सुटलें असतांही जो तें कार्य तडीस नेतो, त्याचे श्रम परमेश्वर व्यर्थ जाऊं देत नाहीं, हा बोध आपण बिरो यांच्या चरित्रापासून घ्यावा.